डॉक्टरबाईंची पडताळणी

सोमवार, ३ मार्च

निवृत्त झाल्यापासून ही वही उघडली नव्हती. लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज हिचा रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन २.९. ते एकच्या आसपास असावं, असं त्याच कागदावर कडेला छापलंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "किडनीचा तज्ज्ञ गाठा. उशीर नको."

ही मात्र घरी येऊन सरळ शिलाई मशीनवर बसली. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून हिला प्रत्येक गोष्ट मशीनसारखीच वाटते. "म्हणजे बंद पडणार का हो ती किडनी?" असं विचारलं, तेही दोरा ओवता ओवता. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, तज्ज्ञ मी शोधतो.

आणि शोधायला माझ्याइतका लायक माणूस नाही, हे मी या वहीत तरी मोकळेपणानं लिहू शकतो. एकतीस वर्षं विद्यापीठाच्या पडताळणी विभागात काढली. खोटी पदवी उजेडाला न धरताही ओळखली. ऑफिसात मला 'भिंग' म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण मला माहीत होतं आणि आवडायचंही.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी सातला हिला गुडघ्याचं औषध दिलं. तीन वर्षांपूर्वी मशीनचं पायडल मारून मारून हिचा गुडघा सुजला होता. तेव्हाही हाडांचा डॉक्टर मीच शोधला होता, त्याची पदवी, नोंदणी, सगळं पारखून घेतलं होतं. अस्सल माणूस. त्यानं लिहून दिलेली पांढरी गोळी आणि पाण्याचा पेला मी रोज सकाळी हिच्या हातात देतो, ती गिळेपर्यंत समोर खुर्चीवर बसतो, मग पेला परत नेतो. तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही. औषधाच्या दुकानात आता कागदसुद्धा मागत नाहीत, मला बघितलं की पाकीट काढून ठेवतात. गुडघ्याची तक्रार त्यानंतर हिनं एकदाही केली नाही. घरातलं एक काम तरी मी चोख करतो.

दिवसभर किडनीच्या डॉक्टरांची यादी केली. नऊ नावं. लेकीचा परगावाहून फोन आला. "बाबा, आधी अपॉइंटमेंट घ्या, मग डिग्र्या बघत बसा." आजकालच्या मुलांना क्रम कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च

यादीतले पहिले, सर्वांत नावाजलेले. मोठं रुग्णालय, चौथा मजला, गुळगुळीत फरशी. भिंतीवर अकरा फ्रेमा. वाट बघायला दीड तास होता, तो मी सत्कारणी लावला. अकरांपैकी तीन पदव्या, त्याही खऱ्या. एक सत्काराचा कागद. उरलेल्या सात फ्रेमा 'परिषदेस उपस्थित राहिल्याबद्दल'. उपस्थित तर चहावालाही असतो. तरी माणूस अस्सल आहे, यात शंका नाही.

आत चार मिनिटं मिळाली. त्यांनी रिपोर्ट पाहिला, पायावरची सूज दाबून पाहिली आणि विचारलं, "वेदनाशामक गोळ्या वगैरे घेता का?"

हिनं तोंड उघडलं होतं, पण मीच ठामपणे सांगितलं, "छे! डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आमच्या घरात साधी सर्दीची गोळीही येत नाही."

त्यांनी मान हलवली आणि लिहायला लागले. किडनी झपाट्यानं खाली चालली आहे, काही महिन्यांत डायलिसिस लागेल असं दिसतं, म्हणून त्या सुयांसाठी हाताची शीर आधीच तयार करून ठेवायची. छोटीशी शस्त्रक्रिया. तारीखही दिली, २० मार्च.

डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास हातात सुया टोचून पडून राहायचं. परतताना हिनं एकदाच विचारलं, "उजवा हात नाही ना घेणार? कात्री उजव्या हातानं चालते." मी म्हटलं डावाच घेतील.

रविवार, ९ मार्च

एकाच मतावर हिचा हात कापू देणार नाही. दुसरं मत हवं.

यादीतल्या दुसऱ्या माणसाची पाटी चौकात आहे, माणसापेक्षा मोठी. 'विख्यात किडनीतज्ज्ञ.' वैद्यक परिषदेची नोंदवही आता कोणालाही संगणकावर बघता येते, हे लोकांना माहीतच नसतं. तिथं या विख्यातांच्या नावापुढे फक्त मूळ पदवी. मग तज्ज्ञ कशाचे? माझा जुना सहकारी, ज्याला आम्ही 'शिक्का' म्हणायचो, त्याला फोन लावला. त्यानं तासाभरात शोधून काढलं. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, तोही घरबसल्या. पितळ उघडं पडलं! किती दिवसांनी असा आनंद झाला. हिला सांगायला धावत गेलो, तर ही म्हणाली, "बरं झालं. पण मग आता दाखवायचं कोणाला?"

बुधवार, १२ मार्च

तिसऱ्या क्रमांकावर एक डॉक्टरबाई आहेत. पाटी नाही, जाहिरात नाही. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचा दवाखाना. आधी नोंदवही. मूळ पदवी आहे. त्यावरची औषधवैद्यकशास्त्राची आहे. त्याहून वरची, खास किडनीची, तीही आहे. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पदवीत नेहमीपेक्षा तीन वर्षांचं जास्तीचं अंतर दिसतं. माझे कान टवकारले गेले. अशा खड्ड्यांतच बहुतेक भानगडी पुरलेल्या असतात. परवाची वेळ घेतली आहे. तोंडावर विचारणार.

शुक्रवार, १४ मार्च

हे सविस्तर लिहायला हवं.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, टेबलावर वजनकाटा आणि बोथट पेन्सिली. भिंतीवर फक्त घड्याळ. बसायच्या आतच मी म्हटलं, "माफ करा, पण मला आधी तुमची मूळ प्रमाणपत्रं बघायची आहेत."

हिनं माझी बाही ओढली. बाई मात्र जराही चिडल्या नाहीत. खालचा खण उघडला, प्लास्टिकच्या पिशवीतून तीन प्रमाणपत्रं काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "बघा ना काका. खरं तर सगळ्यांनीच बघायला हवं. खिडकीपाशी उजेड चांगला आहे, तिकडे बसा."

मी खिडकीपाशी बसलो. कागद, जलचिन्ह, शिक्क्याची कड, कुलसचिवांची सही, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. चांगली पंचवीस मिनिटं गेली. तेवढा वेळ बाई आणि ही हलक्या आवाजात बोलत होत्या. हिच्याकडून एवढं बोलणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. अर्थात ऐकलं असंही म्हणता येणार नाही, माझं लक्ष सह्यांकडे होतं. एकदा वर पाहिलं तर बाईंनी पेन्सिल खाली ठेवली होती आणि ही त्यांना हात जोडून काहीतरी सांगत होती. ही कोणासमोर असे हात जोडत नाही. बरी कर एवढंच मागत असणार बिचारी.

कागद परत देताना मी तीन वर्षांचं विचारलंच. बाई म्हणाल्या, "प्रवेश परीक्षेत नापास झाले. दोनदा. तिसऱ्या वेळी पास झाले."

एकतीस वर्षांत हजारो लोकांनी माझ्यासमोर कागद ठेवले. आजारपण, लग्न, पूर, काय काय कारणं ऐकली. नापास झाले, असं सरळ डोळ्यांत बघून सांगणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. मी मनातल्या मनात या बाईंपुढे टोपी काढली.

त्या म्हणाल्या, "हाताच्या शस्त्रक्रियेची घाई नको. दोन आठवडे थांबू. मीठ कमी करा, रक्तदाबाची ही एक गोळी सुरू करा, पुन्हा रक्त तपासू." मग जरा थांबून म्हणाल्या, "काका, सकाळची औषधं कोण देतं?"

"मी. स्वतःच्या हातानं. एक दिवस चुकलेला नाही."

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "मी सांगते ना त्यांना घरी. तुम्ही म्हणालात ना, तसं." पथ्याचं असणार. घरी आल्यावर मी विचारलं काय सांगायचं होतं, तर ही म्हणाली, "मीठ कमी."

सोमवार, १७ मार्च

तारीख तीन दिवसांवर आली आणि माझा जीव टांगणीला लागला आहे. दोघेही अस्सल. नोंदणी दोघांची पक्की. एक म्हणतो घाई करा, दुसरी म्हणते थांबा. कागदावरून ठरवता येत नाही असा प्रसंग माझ्यावर आजवर आलाच नव्हता. थांबलो आणि किडनी गेली, तर हिच्यासमोर कोणतं तोंड घेऊन उभा राहू?

हिला विचारलं, तुला काय वाटतं. (हे आधी विचारायला हवं होतं, असं लेक फोनवर म्हणाली.) ही म्हणाली, "मला त्या बाई बऱ्या वाटल्या. त्या माझ्याकडे बघून बोलतात."

हे काही निकषात बसत नाही. तरी रुग्णालयात फोन करून २० तारीख रद्द केली.

शुक्रवार, २८ मार्च

२.३!

प्रयोगशाळेच्या दारातच कागद उघडला आणि दोनदा वाचला. नाव, वय, नमुना क्रमांक, सगळं जुळलं. २.९ वरून २.३. नुसती रक्तदाबाची एक गोळी आणि कमी मीठ! याला म्हणतात विद्या. बाईंना फोन करून मी काय काय बोललो मला आठवत नाही, पण बरंच बोललो. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "अजून एक रिपोर्ट येऊ दे. काकूंना माझ्याशी बोलायला सांगा." ही आतल्या खोलीत जाऊन दार लावून बोलली. दोघींचं चांगलं मेतकूट जमलंय.

शुक्रवार, ११ एप्रिल

१.९. काय लिहू? बाईंचा पुतळा उभारायचा अधिकार मला असता, तर चौकातल्या त्या पाटीच्या जागी उभारला असता. शिक्क्याला फोन केला. तो म्हणाला, "भिंगा, तुला एखाद्याचं कौतुक करताना पहिल्यांदा ऐकतोय."

शनिवार, १२ एप्रिल

कालचा आनंद धुळीला मिळाला.

सकाळी सदऱ्याचं बटण तुटलं. ही शेजारी माप घ्यायला गेली होती, म्हणून हिचा बटणांचा डबा मीच उघडला. पांढऱ्या बटणांच्या कप्प्यात एक बिनभोकाचं बटण. हातात घेतलं. मग दुसरं. मग सगळा कप्पा टेबलावर ओतला. गोळ्या. गुडघ्याच्या. अठ्ठावीस मोजल्या. म्हणजे १५ मार्चपासून कालपर्यंत, रोजची एक. आज सकाळचीही तिनं गिळलेली नसणार. मी समोर बसलेला असताना, माझ्या डोळ्यांदेखत, ही गोळी गालात धरून वरून पाणी पीत होती!

मला फसवलं. मला, भिंगाला. राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. किडनी सुधारतेय आणि ही दुसरं औषध चुकवतेय. हिला काही बोललो नाही. गोळ्या पाकिटात भरल्या, पाकीट बंद केलं, वर तारीख आणि संख्या लिहिली. सोमवारी डॉक्टरबाईंपुढेच ठेवतो. त्यांचं ही ऐकते.

सोमवार, १४ एप्रिल

पाकीट टेबलावर ठेवलं. सोबत हाडांच्या डॉक्टरची मूळ चिठ्ठीही ठेवली, औषध किती अधिकृत आहे ते दिसावं म्हणून. म्हटलं, "डॉक्टर, ही औषध चुकवते. अठ्ठावीस दिवस. तुम्हीच हिला दोन शब्द सांगा."

ही खाली बघत होती. बाईंनी तिला विचारलं, "काकू, अजून सांगितलं नाहीत?"

"आकडा आणखी उतरला की सांगणार होते."

"मी दोन रिपोर्टपर्यंत थांबेन म्हटलं होतं. दोन झाले. आता यांना कळायला हवं. सांगू?"

हिनं मान डोलावली. मग बाईंनी ती चिठ्ठी उचलली आणि माझ्याच हातात दिली. "काका, तुम्ही माझे कागद तपासलेत ना, तसा हाही तपासा. खिडकीपाशी बसून. घाई नाही."

मला हसूच आलं. हा कागद तर मी तीन वर्षांपूर्वीच तपासला होता. तरी खिडकीपाशी गेलो. नाव बरोबर. नोंदणी क्रमांक बरोबर. सही तीच, शिक्का खरा. औषधाचं नाव, सकाळी एक. त्यापुढे, त्याच ओळीत, त्याच शाईत: पंधरा दिवस.

पंधरा दिवस.

पुन्हा वाचलं. तारीख तीन वर्षांपूर्वीची. मुदत उलटलेला दाखला एक दिवसाचीही सवड न देता परत करणारा माणूस मी. शिक्का बघितला, सही बघितली, मुदत बघितलीच नाही.

"ही वेदनाशामक आहे?" मी विचारलं.

"हो."

"त्यानंच झालं?"

"हो काका. त्या गोळीनंच. मी गोड करून सांगत नाही, तुम्हाला ते आवडणारही नाही. रोज एक, तीन वर्षं, एवढी किडनीला झेपत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही माझे कागद बघत होतात, तेव्हा काकूंनी मला सांगितलं. मी लगेच बंद करायला लावली. आकडा उतरला तो त्यामुळे. माझी गोळी फक्त रक्तदाबाची आहे."

मी खिडकीपाशीच बसून राहिलो. बाहेर दवाखान्यात माणसं ताटकळत होती, पण बाईंनी आम्हाला उठा म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि हिचा रक्तदाब मोजायला घेतला. एवढा मोठा तज्ज्ञ माझी चूक माझ्याच हातानं मला शोधू देतो, आणि नंतर त्यावर एक शब्द बोलत नाही. अशा माणसाची पडताळणी करायला मी निघालो होतो.

परतताना बसमध्ये मी हिला विचारलं, "तू हात जोडून बाईंना काय सांगत होतीस?"

"म्हटलं, यांना इतक्यात सांगू नका. आकडा वर असताना कळलं असतं, तर तुम्ही माझ्याआधी गेला असतात."

"आणि गुडघा?"

"तो पहिल्या महिन्यातच दुखायचा थांबला होता. कधीतरी दुखतो."

"मग तीन वर्षं गोळी का घेत राहिलीस?"

ही बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही येऊन बसायचात ना समोर. एवढी वर्षं सकाळी तुमच्यापुढे कागदच असायचे. गोळी गिळेपर्यंत तरी माझ्याकडे बघायचात."

शुक्रवार, १८ एप्रिल

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहायला घेतलं की हात थांबतो. लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती रडली आणि म्हणाली, "बाबा, आईला द्या फोन." मायलेकी तासभर बोलल्या. बाबांना काही बोलू नकोस, असं आईनं तिला बजावलं असणार, कारण शेवटी ती माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलली.

ही बाई गेली चौतीस वर्षं माझ्या घरात आहे आणि ती काय आहे, हे मला एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत कळलं.

शुक्रवार, २ मे

१.७. डॉक्टरबाई म्हणाल्या की आता एवढ्यावरच राहील, एकच्या आत येणार नाही. जेवढं गेलं ते गेलं. पण सांभाळलं तर उरलेल्या किडनीवर कित्येक वर्षं निघतील. डायलिसिस नको, हाताची शीर नको. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि वेदनाशामक कधीच नाही. तेवढं त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून माझ्याकडे दिलं. मी मुदत बघितली. 'कायम' असं लिहिलं होतं.

दवाखान्यात एक गृहस्थ बाईंच्या दाराबाहेर घुटमळत होते. मला विचारू लागले, "या बाई कशा आहेत हो? शिकलेल्या आहेत ना नीट?" मी तोंड उघडलं आणि पदव्या सांगायच्या राहूनच गेल्या. म्हटलं, "दोनदा नापास झाल्या आहेत. बिनधास्त जा. आणि घरी जे काही गिळता ते सगळं सांगा."

शनिवार, ३ मे

आज सकाळी ही अंथरुणावर उठून बसली आणि म्हणाली, "अहो, गुडघा दुखतोय."

तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. मी सवयीनं उठलो आणि मधेच थांबलो, कारण आणायचं काही नव्हतं. गोळी नाही, चिठ्ठी नाही. रिकाम्या हातानं परत येऊन तिच्या शेजारी बसलो.

"कुठला?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तेव्हा लक्षात आलं. ज्या गुडघ्यासाठी मी तीन वर्षं न चुकता औषध दिलं, तो डावा की उजवा, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

डावा आहे. आतल्या बाजूनं दुखतो, जिना उतरताना जास्त.